वर्गाच्या मापाने बेतलेलं सॉफ्टवेअर

प्रोग्रामिंगच्या कोर्सचा पहिला तास बहुधा प्रोग्रामिंगविनाच जातो. "सर, माझ्याकडे लाल अक्षरं येताहेत," असं कोणीतरी म्हणतं आणि पुढचा पाऊण तास त्या एका लॅपटॉपपाशी वाकून उभं राहण्यात सरतो. लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, इन्स्टॉल झालेली असते. फक्त ती गेलेली असते एका पायथनमध्ये (म्हणजे पायथन भाषेच्या यंत्रावरच्या एका प्रतीत), आणि एडिटर चालवत असतो दुसराच पायथन. एकाच यंत्रात दोन-तीन पायथन गुण्यागोविंदाने नांदू शकतात, हे नवख्याला कसं कळावं?

तरी लाल अक्षरं परवडली. गुपचूप बदललेलं उत्तर जास्त छळतं. सातला दोनने भागायला सांगितलं की पायथन २ उत्तर द्यायचं ३. २००८ साली आलेलं पायथन ३ देतं ३.५. ओळ तीच, तक्रार कोणाचीच नाही. म्हणून सगळ्या वर्गाकडे भाषेची, लायब्रऱ्यांची आणि साधनांची हुबेहूब तीच आवृत्ती असावी लागते.

डार्टमथ कॉलेजात १९६४ साली बेसिक भाषा सुरू झाली तेव्हा ही कटकट नव्हती. संगणक एकच, विद्यार्थी टेलिटाइप या टंकयंत्रासारख्या उपकरणावरून त्याला जोडलेले. एका जागी दुरुस्ती केली की ती सगळ्यांना मिळाली. आता यंत्रं ज्याची त्याची, तेव्हा एन्व्हायर्नमेंट, म्हणजे भाषा, लायब्रऱ्या आणि साधनं यांचा सगळा संच, बांधून प्रत्येकाच्या हाती द्यावं लागतं.

त्याचा एक मार्ग म्हणजे व्हर्च्युअल मशीन: आख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच फाइलमध्ये. चालतं छान, पण बोजड. २०१३ साली आलेल्या डॉकरने कंटेनर लोकप्रिय केले. कंटेनर यजमान यंत्राचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वापरतो, सोबत आणतो फक्त वरचं सामान, म्हणून तो हलका. काय काय बसवायचं हे शिक्षक एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहितो आणि त्यातून थरांची इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, तयार होते. एक थर बदलला की त्यावरचे सगळे थर नव्याने रचावे लागतात. त्यामुळे जड, स्थिर गोष्टी तळाशी आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या वर ठेवाव्यात. नाहीतर एका स्वल्पविरामाच्या दुरुस्तीसाठी सगळा वर्ग पुन्हा गिगाबाइटभर डाउनलोड करत बसतो. गृहपाठ मात्र कंटेनरबाहेरच्या फोल्डरमध्येच हवा. कंटेनर पुसला की आतलं लिखाण त्याच्यासोबत जातं. माझ्या एका वर्गात हे परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं.

पण वाटप हा अर्धाच भाग. माझ्या मते खरं शिकवणं दडलेलं असतं काय काढून टाकायचं, यात. वॉटरलू विद्यापीठात १९६५ साली विद्यार्थ्यांसाठी वॅटफोर हा फोर्ट्रान भाषेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं साधन) लिहिला गेला. तो झटपट चालायचा आणि चुका नीट समजावून सांगायचा. रॅकेट भाषा शिकण्यासाठीचं डॉक्टररॅकेट (DrRacket) त्याही पुढे गेलं: त्यात विद्यार्थ्याच्या पायरीप्रमाणे भाषाच लहान-मोठी करता येते. समजा, संख्येत एक मिळवणारं फंक्शन लिहिताना बेरजेभोवतीचे, रॅकेटमध्ये लागणारे कंस राहिले. पूर्ण रॅकेटच्या लेखी अधिक-चिन्ह, संख्या आणि एक या तीन सुट्या, वैध गोष्टी; ती शेवटचीच परत करते. कोणतीही संख्या द्या, उत्तर १! नवशिक्यांच्या भाषेत तोच मजकूर तिथल्या तिथे अडवला जातो: इथे एकच पदावली हवी होती, दोन जास्त आहेत. चूक तीच, पण एकीकडे तासभर डोकं धरून बसायचं, दुसरीकडे कंस घालून पुढे जायचं.

आता पायोडाइडसारख्या प्रकल्पांमुळे पायथन थेट ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल करायलाच काही नाही. सोय मोठी आहे. तरी असं शिकलेल्या मुलांना फाइल नेमकी कुठे जाते हे विचारलं की ती गोंधळतात, असा माझा अनुभव. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या हाती इमेज देत नाही, ती तयार करणारी मजकूर-फाइलच देतो, मुद्दाम एक ओळ गाळून. कुठली ओळ गेली हे त्यांनी शोधायचं. वर्गात पुन्हा लाल अक्षरं उमटतात, पण आता मला कोणी हाक मारत नाही.