केमोथेरपीतील मळमळ व उलटी : प्रतिबंध

कर्करोगावरील औषधांमुळे होणारी मळमळ व उलटी सुरू होण्याआधीच रोखण्याची उपचारपद्धती. औषध दिल्यापासून २४ तासांत होते ती तत्काळ, २४ ते १२० तासांतील ती विलंबित, आणि आधीच्या त्रासाच्या आठवणीने औषध मिळण्यापूर्वीच होते ती पूर्वापेक्षित उलटी होय.

बोरिसन व वँग या संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात लंबमज्जेत (मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूला जोडलेल्या भागात) उलटी घडवणारे एक ‘वमनकेंद्र’ आणि रक्तातील रसायने ओळखून त्याला चेतवणारे रसायनग्राही क्षेत्र अशी मांडणी केली. रसायनग्राही क्षेत्राची कल्पना टिकली. एकसंध केंद्र मात्र पुढे सापडले नाही. लंबमज्जेत विखुरलेल्या चेतापेशींचे जाळे उलटी घडवते, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. सिस्प्लॅटिनसारख्या कर्करोगावरील औषधाने लहान आतड्यातील पेशी सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन सोडतात आणि ते आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेवरील ५-एचटी३ ग्राहींना (सेरोटोनिन ज्यांना चिकटते त्या रेणूंना) चेतवते. तत्काळ उलटी मुख्यतः यामुळे होते. विलंबित उलटीत सबस्टन्स-पी हे दुसरे संदेशवाहक रसायन व त्याचे एनके-१ ग्राही यांचा वाटा मोठा असावा. २४ तासांची सीमा सोयीपुरती आहे. सिस्प्लॅटिननंतरची दुसरी लाट त्याआधीही उठू शकते.

प्रतिबंधाविना ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उलटी होईल अशी औषधे (सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फमाइड एकत्र) अतिजोखमीची मानतात. त्यांच्यासाठी प्रौढांत रूढ असलेली एक योजना अशी : पहिल्या दिवशी केमोथेरपीपूर्वी ॲप्रेपिटंट (एनके-१ रोधक) १२५ मिग्रॅ., पॅलोनोसेट्रॉन (५-एचटी३ रोधक) ०.२५ मिग्रॅ. शिरेतून, डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) १२ मिग्रॅ. आणि ओलान्झापिन (मूळचे मनोविकारावरील औषध) ५ ते १० मिग्रॅ. (झोप येत असल्याने बहुधा रात्री). दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ॲप्रेपिटंट ८० मिग्रॅ.; चौथ्या दिवसापर्यंत ओलान्झापिन त्याच मात्रेत व डेक्सामेथासोन ८ मिग्रॅ. ॲप्रेपिटंट यकृतातील सीवायपी-३ए४ विकराला रोखून डेक्सामेथासोनची रक्तातील पातळी वाढवते, म्हणून डेक्सामेथासोनची मात्रा कमी ठेवतात. डेक्सामेथासोन हाच कर्करोगावरील उपचाराचा भाग असेल, तर ही कपात लागू नाही.

बिघडते ते बहुधा दुसऱ्या दिवसानंतर : उलटी थांबली म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो. ऑन्डान्सेट्रॉन हा दुसरा ५-एचटी३ रोधक दिवसेंदिवस चालू राहिल्यास बद्धकोष्ठ होऊन मळमळ उलट वाढते. डेक्सामेथासोन सकाळी न घेतल्यास झोप उडते. तरीही उलटी झालीच, तर वेगळ्या गटातले औषध जोडतात. मात्र ओलान्झापिनसोबत मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरील औषध टाळतात, कारण दोन्ही डोपामिनरोधी (डोपामिन या मेंदूतील रसायनाचे काम रोखणारी) आहेत. उलटीपेक्षा मळमळ आवरणे कठीण. तेथे ओलान्झापिन अधिक उपयोगी ठरते.

पूर्वापेक्षित उलटीवर ५-एचटी३ रोधकांचा फारसा उपयोग होत नाही. आदल्या रात्री लोराझेपाम (चिंता शमवणारे औषध) व वर्तनोपचार यांचा आधार घेतात, पण केमोथेरपीच्या पहिल्याच आवर्तनात पूर्ण प्रतिबंध करणे हाच खरा उपाय होय.