खडूसारखा पांढरा झालेला दात

माझ्या पटाशीच्या दाताचा टवका उडाला, तेव्हा दंतवैद्य बाईंनी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "बघत राहा." तुटलेल्या कडेला त्यांनी निळं जेल लावलं, काही सेकंद थांबल्या, पाण्याच्या फवाऱ्यानं ते धुऊन टाकलं आणि हलकी हवा मारली. एरवी ओला, चकचकीत दिसणारा दाताचा तेवढा भाग खडू फासल्यासारखा निस्तेज पांढरा पडला. "असा दिसला की समजायचं, आता पकड मिळणार," त्या म्हणाल्या.

तुटलेला कोपरा भरणं, दोन दातांमधली फट बुजवणं, खुजा राहिलेला दात मोठा दाखवणं, न जाणारा डाग झाकणं ही सगळी कामं ज्या डेंटल बाँडिंगनं होतात, त्याचं मर्म त्या पांढऱ्या ठिपक्यात आहे. वर चढवलेला दाताच्या रंगाचा मसाला कितीही सुंदर असला तरी तो दाताला चिकटून राहिला नाही तर सगळं व्यर्थ. आणि तोंडाइतकी ओली, सतत चावणारी, कधी गार कधी गरम होणारी जागा चिकटवण्यासाठी शोधून सापडणार नाही.

पूर्वीचे दंतवैद्य या अडचणीवर एकच उपाय करत. दात आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरायचा, म्हणजे भरलेला पदार्थ खाचेत अडकून बसतो. त्यासाठी निरोगी दातही कोरावा लागे. 1955 साली अमेरिकेत रोचेस्टर इथे काम करणाऱ्या मायकल बुओनोकोर यांनी वेगळा विचार मांडला. कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग दातावर का नको? 85 टक्के तीव्रतेचं आम्ल त्यांनी 30 सेकंद इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या आवरणावर ठेवलं, धुतलं आणि त्यावर अॅक्रिलिक हे प्लास्टिक लावलं. नुसत्या दातावरच्या अॅक्रिलिकपेक्षा ते कितीतरी जास्त काळ टिकून राहिलं. आज वापरतात ते जेल साधारण 35 ते 37 टक्क्यांचं असतं. कल्पना मात्र तीच.

जुन्या गुळगुळीत भिंतीवर नवा गिलावा करण्याआधी गवंडी छिन्नीनं टोचे मारून घेतो, तसंच हे काम आहे, फक्त फार बारीक मापाचं. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनानं सुमारे 96 टक्के खनिज, तेही मुख्यतः हायड्रॉक्सिअॅपेटाइट. जेमतेम 5 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे असंख्य दांडे शेजारीशेजारी रचून ते बनलेलं असतं. आम्ल या दांड्यांना सगळीकडे सारखं विरघळवत नाही. कुठे दांड्याचा गाभा आधी झिजतो, कुठे त्याची कड, आणि पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र होतो. या खळग्यांवरून प्रकाश वेडावाकडा विखुरतो, म्हणूनच तो भाग खडूसारखा दिसतो.

मग पातळ रेझीन, म्हणजे नंतर प्लास्टिकसारखा कडक होणारा द्रव, लावतात. केशाकर्षणानं ते खळग्यांत ओढलं जातं आणि तिथेच कडक होतं. काही मायक्रॉन लांबीची, केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान अशी ही रेझीनची मुळं. पण एका दातावर ती इतकी असतात की चांगल्या जोडाची ताकद प्रयोगशाळेत दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटनच्या घरात भरते. म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान जागेवर सुमारे दोन किलोचं वजन टांगल्यासारखं!

या सगळ्याचा शत्रू एकच, लाळ. खळगे रेझीननं भरण्याआधी लाळेचा थेंब पोचला, तर तिच्यातली प्रथिनं त्यांत जाऊन बसतात आणि पकड जाते. त्यामुळे दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवणारे, कापसाचे बोळे पुन्हापुन्हा बदलणारे डॉक्टर उगाच वेळ काढत नसतात. खरं सांगायचं तर मी बाँडिंगची पारख याच गोष्टीवरून करेन. कोणत्या कंपनीचा मसाला वापरला, यापेक्षा त्या दोन-चार मिनिटांत दात किती कोरडा राखला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

इनॅमलच्या आतलं डेंटिन वेगळ्या स्वभावाचं. त्यात खनिज सुमारे 70 टक्केच. उरलेलं मुख्यतः कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन आणि पाणी. शिवाय दाताच्या गाभ्यापर्यंत जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या. आम्लानं खनिज निघून गेल्यावर कोलॅजनचे धागे उघडे पडतात आणि ते फार सुकवले तर आपसात चिकटून बसतात, रेझीनला वाट मिळत नाही. म्हणून इथे थोडी ओल ठेवावी लागते. रेझीन आणि कोलॅजन एकमेकांत विणले जाऊन जो थर तयार होतो, त्याचं वर्णन जपानचे नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये केलं. तरीही इनॅमलवरचा जोड जास्त भरवशाचा. चारही बाजूंनी इनॅमलची कड शाबूत असेल, तर बाँडिंगला जीव असतो.

आता मसाल्याकडे. त्याला काँपोझिट म्हणतात, कारण त्यात रेझीन आणि काचेची किंवा सिलिकाची अतिबारीक भुकटी असते. त्यातलं बिस-जीएमए हे रेझीन रॅफेल बोवेन यांनी शोधलं. त्याचं पेटंट 1962 चं. हा मऊ, लोण्यासारखा पसरणारा मसाला कडक होतो तो निळ्या प्रकाशानं. त्यात कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळा पदार्थ असतो, तो साधारण 468 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषतो आणि रेझीनच्या रेणूंच्या साखळ्या जोडल्या जायला लागतात. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर नारिंगी काच असते, ती हाच निळा प्रकाश अडवण्यासाठी. साखळ्या जुळताना मसाला आकसतो, साधारण 2 ते 3 टक्के. एकदम जाड गोळा लावला तर हा आकस जोडावर ओढ देतो आणि प्रकाशही तळापर्यंत पोचत नाही. म्हणून सुमारे 2 मिलिमीटरचे थर देत जायचं.

रंग जुळवण्यातही एक शहाणपण आहे, आणि पेशंटनं ते माहीत करून घ्यावं. दात सुकला की पांढुरका दिसू लागतो. म्हणून रंगाची निवड अगदी सुरुवातीला, दात ओला असतानाच करायची. सुकल्या दातावर जुळवलेला रंग नंतर तोंडात उठून दिसतो. दात ब्लीच करून उजळ करायचे असतील, तर तेही आधीच करावं, कारण काँपोझिट ब्लीचनं उजळत नाही. ब्लीचनंतर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझीन कडक होऊ देत नाही. घाई असलेल्या मंडळींना हे पटत नाही, पण थांबायलाच हवं. चांगला कारागीर आत डेंटिनसारखा गढूळ रंग देतो आणि वरून इनॅमलसारखा थोडा पारदर्शक. एकाच रंगाचा दात दुरूनही नकली वाटतो.

मर्यादा उघड आहेत. काँपोझिटवर चहा, कॉफी, तंबाखूचे डाग बसतात, कड घासते, टवका उडू शकतो. नीट जपलं तर 5 ते 10 वर्षं धरावीत. झोपेत दात खाणाऱ्यांनी आणि नखं कुरतडणाऱ्यांनी आधी तिकडे लक्ष द्यावं. कीड असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याचे उपचार अगोदर, शोभा नंतर. पोर्सिलेनचे व्हिनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, जास्त टिकतात, चमकही जास्त काळ ठेवतात. पण त्यांच्यासाठी बहुधा दाताचा पुढचा भाग अर्धा मिलिमीटरच्या आसपास घासावा लागतो. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपून गेलेल्या असतात, त्यामुळे घासलेलं पुन्हा येत नाही. बाँडिंगमध्ये दाताचं जवळजवळ काही जात नाही. टवका उडालाच, तर जुना थर खडबडीत करून त्यावरच नवा चढवता येतो. तरुण वयात, पहिला पर्याय म्हणून, मी याच बाजूला झुकेन.

माझं काम संपल्यावर बाईंनी चकतीनं पॉलिश केलं, आणि मग फ्लॉसचा दोरा घेऊन दाताच्या कडेनं हिरडीपर्यंत नेला, खालून वर काढला. तो कुठे अडकला किंवा पिंजला, तर तिथे मसाल्याची कड बाहेर आली आहे, असं त्यांनी समजावलं. पहिल्या वेळी एका ठिकाणी दोऱ्याचे दोन तंतू सुटले. त्यांनी ती जागा पुन्हा घासली आणि नवा दोरा घेतला.