हर्बेरियमचं लेबल वेगळं, नकाशावरचा ठिपका वेगळा

ठाण्याहून पावसाळ्यात व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या बॅचेस निघाल्या की ट्रेकच्या ग्रुपवर तोच स्क्रीनशॉट फिरायला लागतो, जीबीआयएफचा (जगभरच्या वनस्पती-प्राण्यांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या वेबसाइटचा) नकाशा, त्यावर लाल पोटेंटिला या रानफुलाचे, म्हणजे पोटेंटिला अ‍ॅट्रोसँग्विनियाचे ठिपके, आणि खाली कोणीतरी लिहितं की बघा, जुन्या काळी हे झाड खाली होतं, आता वर सरकलंय. कृपा करून असं पसरवू नका. वर सरकलंही असेल, पण त्या नकाशावरून ते कळत नाही.

नकाशावर दोन तऱ्हेचे ठिपके असतात, आजच्या मोबाईल फोटोंचे आणि जुन्या हर्बेरियम शीटचे, म्हणजे अभ्यासासाठी वाळवून जपलेल्या झाडांचे. मोबाईलचा ठिपका तुम्हाला माहितीच आहे. फोटो काढला, जीपीएसने जागा टाकली, दरीत थोडी इकडेतिकडे होते, विषय संपला.

जुन्या हर्बेरियम शीटवर मात्र अक्षांश-रेखांश बहुतेक वेळा नसतातच. कागदावर वाळवलेलं झाड, कोपऱ्यात लेबल, त्यावर नाव, कोणी गोळा केलं, तारीख, एखाद्या गावाचं किंवा खोऱ्याचं नाव, आणि नशीब असेल तर उंची, तीही फुटांत. मग नकाशावर ठिपका आला कुठून? तर कित्येक दशकांनी कोणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून ते लेबल वाचलं आणि अंदाजाने टाकला. लेबलवर नुसतं 'गढवाल' असेल तर ठिपका जातो गढवालच्या मधोमध, जिथे तो गोळा करणारा कधी गेलाही नसेल. किती किलोमीटरची चूक असू शकते याचा रकाना असतो, पण तो रेकॉर्ड उघडल्याशिवाय दिसत नाही आणि खूपदा रिकामाच असतो.

ठाण्याच्या येऊरच्या जंगलात ही चूक चालून जाते. तिथल्या संजय गांधी नॅशनल पार्कातला सगळ्यात उंच माथाच ५०० मीटरच्या आत आहे, ठिपका चार किलोमीटर सरकला तरी उंची सरकून सरकून किती सरकणार. हिमालयात तसं नाही. व्हॅलीच्या वाटेवरचं खालचं गाव गोविंदघाट साधारण १८०० मीटरवर, वरचा मुक्काम घांघरिया ३०५० च्या आसपास, आणि मधली वळणावळणाची वाटच जेमतेम १३-१४ किलोमीटरची. दहा किलोमीटरची चूक धरली तर दोन्ही एकाच वर्तुळात येतात. त्यात लोक काय करतात, सॉफ्टवेअरला ठिपका देऊन उंची काढतात, ते मीटरमध्ये आकडा देतं आणि आकडा दिसला की विश्वास बसतो!

सगळ्यात घातक भाग पुढे आहे. गोळा करणारा झाड उपटायचा वरच्या बुग्यालात (डोंगरमाथ्याच्या कुरणात) आणि लेबलवर लिहायचा जवळच्या गावाचं नाव, गाव तर खाली नदीकाठी. ठिपका पडतो गावावर. म्हणजे जुनी नोंद आहे त्यापेक्षा खाली दिसते, आजचा जीपीएसचा फोटो बरोबर जागी, आणि झाड न हलताच 'वर सरकलं'.

बाकी किरकोळ. फुलाच्या लाल-पिवळ्या रंगाचा फरक वाळलेल्या शीटवर नेहमी कळत नाही, रंग लेबलवरून घ्या. पानाच्या खालची पांढरी लव मात्र टिकते. एकाच वेळी गोळा केलेल्या झाडांची डुप्लिकेट शीटं हावडा, डेहराडून, लंडनचं क्यू अशा हर्बेरियममध्ये वाटलेली असतात, तिन्हींचे ठिपके वेगळे मोजू नका. लेबलवरचे फूट मीटरमध्ये करून घ्या, १२,००० फूट म्हणजे ३,६५८ मीटर.

उंची लेबलवर लिहिली असेल तरच वापरा. नसेल तर ती नोंद 'गढवालमध्ये सापडलं होतं' एवढ्यापुरती ठेवा, उंचीच्या तुलनेतून सरळ काढून टाका. आणि ग्रुपवर टाकायचंच असेल तर नकाशा नको, शीटचा फोटो टाका, लेबल वाचता येईल असा.