नफा परदेशी ठेवणे वेगळे, काम परदेशी पाठवणे वेगळे

‘नोकऱ्या परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती बंद करू’ हे आश्वासन अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकांत वारंवार ऐकू येते. २००४ मध्ये जॉन केरी यांनी ते दिले, पुढे बराक ओबामा यांनी दिले, आणि प्रत्येक वेळी आपल्याकडच्या बातम्यांत ‘पुण्या-बंगळूरच्या आयटीवर संकट’ अशा अर्थाचे मथळे झळकले. वास्तविक या दोघांच्या प्रस्तावांचा गाभा अमेरिकी कंपन्यांच्या परदेशी उपकंपन्यांनी कमावलेल्या नफ्यावरील कर हा होता. हिंजवडीला येणाऱ्या कामाशी त्याचा संबंध अगदीच क्षीण होता. तरीही हे दोन विषय एकाच वाक्यात कोंबले जातात आणि त्यावर चर्चा झडतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण या गोंधळामुळे ज्या तरतुदींकडे आपण लक्ष द्यायला हवे त्या नजरेतून निसटतात.

आउटसोर्सिंग म्हणजे काय, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको; प्रत्येक घरात नाही तरी प्रत्येक इमारतीत कोणी ना कोणी त्यावर पगार घेत असते. बाहेरच्या कंपनीला काम देणे म्हणजे आउटसोर्सिंग आणि काम दुसऱ्या देशात नेणे म्हणजे ऑफशोअरिंग, असा भेद काही जण आवर्जून करतात. तो बरोबर आहे, पण गोंधळ त्याच्यामुळे होत नाही.

परदेशी नफ्यावरील सवलत मात्र थोडी समजून घ्यावी लागते. २०१७ पर्यंत अमेरिकेचा नियम असा होता की, अमेरिकी कंपनीच्या परदेशी उपकंपनीने धंद्यातून मिळवलेल्या नफ्यावर अमेरिकेचा ३५ टक्के कर लागू होई खरा, पण तो नफा लाभांशाच्या रूपाने मायदेशी आणेपर्यंत भरावा लागत नसे. ही कर लांबणीवर टाकण्याची मुभा होती. जॉन केनेडी यांनी १९६१ मध्येच ती मोठ्या प्रमाणात काढून घ्यावी असे सुचवले होते, परंतु १९६२ च्या कायद्यात व्याज, रॉयल्टी यांसारख्या काही प्रकारच्या उत्पन्नापुरतीच ती आवळली गेली. पुढे पेटंट आणि सॉफ्टवेअर यांसारखी वजनाने शून्य पण किमतीने अफाट मालमत्ता निर्माण झाली, ती कागदोपत्री आयर्लंड किंवा बर्म्युडा अशा कमी कराच्या ठिकाणच्या उपकंपनीच्या नावे करणे सोपे झाले, आणि २०१७ च्या सुमारास परदेशात साठलेला हा नफा सुमारे २.६ लाख कोटी डॉलरवर पोहोचल्याचा अंदाज होता.

आता ज्या एका ठिकाणी बहुतेकांची गल्लत होते तिथे येऊ. आपल्याला जे काम मिळते, ते अमेरिकी कंपनीच्या हिशेबात नफा म्हणून येतच नाही. ते खर्च म्हणून येते.

समजा, ओहायोतील एका कंपनीने पुण्यातील एका भारतीय कंपनीला सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी १०० डॉलर दिले. हे १०० डॉलर ओहायोच्या कंपनीचा खर्च आहे आणि करपात्र उत्पन्नातून तिला त्याची वजावट मिळते. हीच रक्कम तिने ओहायोतील कर्मचाऱ्याला पगार म्हणून दिली असती, तरी वजावट एवढीच मिळाली असती. म्हणजे पुण्याला काम दिल्याबद्दल तिला कोणतीही जादा सवलत मिळालेली नाही. या व्यवहारातून पुण्याच्या कंपनीला जो काही नफा होईल तो त्या भारतीय कंपनीचा आहे आणि त्यावर भारतात कर लागतो. ओहायोच्या कंपनीचा ‘परदेशी नफा’ या संपूर्ण व्यवहारात कुठेच निर्माण झालेला नाही, त्यामुळे परदेशी नफ्यावरील सवलत राहिली काय आणि गेली काय, या कामाला त्याने फरक पडत नाही.

यावर एक रास्त प्रश्न विचारला जातो: पुण्यातील केंद्र त्या अमेरिकी कंपनीच्याच मालकीचे असेल तर काय? खराडी, बाणेर, हिंजवडी इथे अशी स्वमालकीची केंद्रे पुष्कळ आहेत. अशा वेळी उपकंपनी आपल्या खर्चावर ठरावीक टक्के नफा धरून पालक कंपनीला बिल पाठवते. खर्च १०० आणि नफ्याचा दर १५ टक्के मानला, तर बिल ११५ चे होते आणि परदेशी नफा भरतो फक्त १५. त्यावर भारतात २०१९ नंतरच्या सवलतीच्या दरानेही अधिभार व उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के कर लागतो. अमेरिकेचा आजचा दर २१ टक्के आहे. म्हणजे हा १५ डॉलरचा नफा पुण्यात झाल्यामुळे कंपनीचा कर वाचत नाही, उलट वाढतो. पूर्वी आपल्याकडे निर्यात करणाऱ्या आयटी कंपन्यांना करमाफी होती आणि विशेष आर्थिक क्षेत्रांतील जुन्या घटकांना ती मुदत संपेपर्यंत मिळते हे खरे, पण ती भारताने दिलेली सवलत आहे. अमेरिकी काँग्रेसला ती रद्द करता येत नाही. ही केंद्रे इथे आली ती पगारांतील तफावत आणि इंग्रजी जाणणारे अभियंते यांच्यामुळे, आणि मग एकदा वसलेल्या केंद्राभोवती दुसरे केंद्र वसत जाते म्हणून. म्हणूनच भारताला कोणी ‘करनंदनवन’ म्हटले की मला ते सहन होत नाही.

याच्या नेमके उलट चित्र आयर्लंडमध्ये दिसले. २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने ॲपलची जी चौकशी केली, तीत ‘ॲपल ऑपरेशन्स इंटरनॅशनल’ या आयर्लंडमध्ये नोंदलेल्या उपकंपनीची माहिती पुढे आली. २००९ ते २०१२ या काळात तिच्या नावे ३० अब्ज डॉलरचे निव्वळ उत्पन्न होते, करासाठी ती कोणत्याच देशाची रहिवासी नव्हती आणि तिच्याकडे एकही कर्मचारी नव्हता. म्हणजे नफा जिथे गेला तिथे नोकरी गेली नव्हती. आणि आपल्याकडे जिथे नोकऱ्या आल्या, तिथे नफा फारसा आला नाही.

मे २००९ मध्ये ओबामा यांनी करसुधारणांची घोषणा केली, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातील बफेलोऐवजी बंगळूरला नोकरी निर्माण केल्यास कमी कर भरावा लागतो, अशी टीका त्यांनी केली आणि त्याच भाषणात केमन बेटांवरील, हजारो कंपन्यांचा पत्ता असलेल्या एका इमारतीचाही उल्लेख केला. मला त्यांच्या सुधारणांबद्दल आदर आहे. नफा दडवण्याच्या वाटा बुजवायलाच हव्या होत्या. पण त्या वाटा केमनकडे जात होत्या, बंगळूरकडे नव्हे. भाषणात ही दोन्ही नावे शेजारी बसली आणि आमच्या वृत्तपत्रांनी बंगळूर तेवढे उचलले.

नफा परत आला की नोकऱ्याही परत येतील, या समजुतीची परीक्षा तर आधीच झाली होती. २००४ च्या कायद्याचे नावच अमेरिकी रोजगार निर्मिती कायदा असे होते. परदेशी नफा एकदाच मायदेशी आणणाऱ्यांना त्याने ३५ ऐवजी केवळ ५.२५ टक्के कर आकारला. ८४३ कंपन्यांनी सवलतीला पात्र असे सुमारे ३१२ अब्ज डॉलर आणले. सर्वाधिक रक्कम आणणाऱ्या १५ कंपन्यांची छाननी सिनेटच्या त्याच उपसमितीने २०११ मध्ये केली, तेव्हा त्यांनी मिळून अमेरिकेतील वीस हजारांहून अधिक नोकऱ्या कमी केल्याचे दिसले; स्वतःच्याच समभागांच्या फेरखरेदीवरील खर्च मात्र वाढला होता.

कर आणि रोजगार यांचा काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. २०१७ च्या कायद्याने दर २१ टक्क्यांवर आणला, साठलेल्या नफ्यावर रोख स्वरूपातील भागासाठी १५.५ आणि उरलेल्यासाठी ८ टक्के असा एकदाच भरायचा कर लावला, आणि पुढच्या परदेशी नफ्यावर किमान कर बसवला. मात्र हा किमान कर मोजताना परदेशातील कारखाने, यंत्रे यांसारख्या मूर्त मालमत्तेच्या १० टक्क्यांइतका नफा वगळला. त्यामुळे परदेशात जितका मोठा कारखाना तितका कमी कर, अशी स्थिती आली. इथे नफ्यावरील सवलत आणि काम खरोखर एकत्र येतात आणि टीकाकारांचे म्हणणे पटते. तरीही हा मुद्दा यंत्रांचा आहे. ज्या कार्यालयात टेबले, संगणक आणि माणसे एवढीच मालमत्ता असते, त्याला या वगळणुकीचा लाभ नगण्यच. २०२५ च्या कायद्याने ती २०२६ पासून काढूनही टाकली.

आपल्या कामाला धक्का लागतो तो खर्चाच्या बाजूने. सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या ‘हायर’ विधेयकात नफ्याचा विषयच नाही. परदेशी सेवेपोटी दिलेल्या रकमेवर २५ टक्के अबकारी कर लावावा आणि त्या रकमेची वजावटही देऊ नये, असा तो प्रस्ताव आहे. वरच्या उदाहरणातील १०० डॉलरवर तो थेट पडतो. त्या विधेयकाची बातमी झाली. त्याहून कितीतरी कमी चर्चा झाली ती आधीपासून लागू असलेल्या एका तरतुदीची: २०२२ पासून, अमेरिकी कंपनीला संशोधन आणि सॉफ्टवेअर विकासावरील देशांतर्गत खर्च ५ वर्षांत आणि परदेशात झालेला खर्च १५ वर्षांत विभागून वजा करावा लागू लागला. २०२५ च्या कायद्याने देशांतर्गत खर्चाची वजावट पुन्हा त्याच वर्षी घेण्याची सोय केली, परंतु परदेशी खर्चाची १५ वर्षे तशीच ठेवली. म्हणजे नवे सॉफ्टवेअर ओहायोत लिहिले तर पूर्ण वजावट लगेच मिळते, आणि तेच हिंजवडीत लिहिले तर शेवटचा हप्ता वजा होईपर्यंत दीड दशक जाते.