शिशाच्या सवयी, लिथियमची बॅटरी

मोटरसायकलमधली लेड-ॲसिड, म्हणजे शिशाची बॅटरी काढून तिच्या जागी लिथियमची बसवली, की पहिला फरक हातालाच कळतो. तीन-चार किलोंचं धूड जाऊन किलोभराचा हलका खोका येतो. बाकी सगळं ओळखीचंच असतं. टर्मिनलं तशीच, वर १२ व्होल्टही लिहिलेलं. मग चार्जर जुनाच लावला जातो आणि बॅटरी उतरली की उपायही जुनेच होतात. लिथियम बॅटरीचे हाल बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात.

आतलं रसायन मात्र पूर्ण वेगळं आहे. मोटरसायकलच्या लिथियम बॅटरीत साधारणपणे लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला तो टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाढी यांनी. त्यांचा शोधनिबंध १९९७ सालचा. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे चारांचे १२.८. पूर्ण भरताना सेलला ३.६५ व्होल्टपर्यंत नेता येतं, म्हणजे बॅटरीला १४.६. गाडीची चार्जिंग यंत्रणा शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेली असते आणि तीही साधारण १४ ते १४.५ व्होल्टच देते. आकडे असे जुळले, हा निव्वळ योगायोग! मोबाइलमध्ये असतात तसल्या सेलचं गणित इथे बसत नाही. ते ४.२ व्होल्टपर्यंत भरतात. तीन जोडले तर १२.६ म्हणजे कमी पडतात, चार जोडले तर १६.८ म्हणजे फार होतात.

शिवाय फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे आग आतून पेटती राहण्याची शक्यता कमी होते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. सेलमधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन ध्रुवांमधला द्रव, ज्वलनशीलच असतो.

आता चार्जर. शिशाची बॅटरी बरेच दिवस पडून राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. ते फोडण्यासाठी बरेच आधुनिक चार्जर मधूनमधून १५-१६ व्होल्टचे किंवा त्याहून मोठे झटके देतात. लिथियमच्या सेलमध्ये सल्फेट नावालाही नसतं. तिथे त्या झटक्यांनी एकच होतं : सेल मर्यादेबाहेर भरला जातो, इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. खरी गोम अशी, की अनेक चार्जर हा कार्यक्रम न विचारताच सुरू करतात. व्होल्टेज खूप खाली दिसलं की ‘सल्फेट जमलंय’ असा त्यांचा समज होतो. म्हणजे लिथियमची बॅटरी पार उतरलेली असताना, जेव्हा तिला सर्वांत सांभाळून घ्यायला हवं, नेमका तेव्हाच तिला मार बसतो. म्हणून चार्जर लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचाच हवा. जुनाच वापरायची वेळ आली, तर तो झटके देत नाही आणि १४.६ च्या वर जात नाही एवढी खात्री असल्याशिवाय जोडू नये.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, वाचण्याची सवयही बदलावी लागते. गाडी काही तास बंद असताना शिशाच्या बॅटरीवर १२.८ दिसले तर ती भरलेली. लिथियमवर तेच १२.८ दिसले तर ती तळाशी आलेली! भरलेली लिथियम बॅटरी विसावल्यावर १३.३ किंवा थोडं जास्त दाखवते. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही. १३.१ आणि १३.२ या दोन आकड्यांमध्ये कितीतरी चार्ज दडलेला असतो, त्यामुळे ‘नक्की किती उरलीय’ हे मीटर सांगू शकत नाही. आणि मग घसरण सुरू झाली की ती झपाट्याने होते.

याला जोड मिळते ती लेबलाची. अनेक उत्पादक खरी क्षमता न छापता ‘शिशाच्या तुलनेत अमुक अँपिअर-अवर’ असा आकडा छापतात (अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो याचं माप). सेल्फ मारण्याच्या ताकदीपुरती ती तुलना खरी असते, साठ्याच्या बाबतीत नसते. १२ लिहिलेल्या बॅटरीत प्रत्यक्षात ४ अँपिअर-अवरच असू शकतात. मला हा प्रकार ग्राहकाची दिशाभूल करणाराच वाटतो. समजा गाडीला अलार्म किंवा ट्रॅकर आहे आणि तो सतत १० मिलिअँपिअर ओढतो. दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर गेले. खऱ्या १२ ची बॅटरी या हिशेबाने ५० दिवस पुरेल. ४ ची सतरा दिवसांतच रिकामी. लिथियम आपणहून फार कमी उतरते हे खरं, पण ट्रॅकरला त्याचं काय? गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल आणि ट्रॅकर काढायचा नसेल, तर शिशाची बॅटरीच बरी, असं माझं मत. नाहीतर उभी करताना निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावं.

कारण पार उतरणं हाच या बॅटरीचा सर्वांत वाईट आजार आहे, आणि तो चटकन लक्षात येत नाही. सेलचा ऋण ध्रुव तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइट थापून केलेला असतो. सेल अडीच व्होल्टच्या बराच खाली जाऊन तसाच राहिला, की हे तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळू लागतं. तोवर बाहेरून काहीच कळत नाही. पुन्हा चार्जिंगला लावलं की विरघळलेलं तांबं भलत्याच जागी साचतं, आणि त्यातून दोन ध्रुवांमधला पातळ पडदा भेदला जाऊन आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणजे रिकामी बॅटरी पडून असते तोवर गप्प असते. धोका तिला ‘जिवंत’ करताना असतो. दुसरी चांगली बॅटरी समांतर जोडून, फार उतरलेली बॅटरी नाकारणाऱ्या चार्जरला फसवण्याची गॅरेजमधली जुनी युक्ती म्हणूनच इथे नको. चारही सेल मिळून ८ व्होल्टच्या खाली गेले असतील, तर बॅटरी बाद समजावी.

एक अपवाद आहे. काही बॅटऱ्यांत संरक्षक सर्किट असतं आणि सेल फार खाली जाण्याआधीच ते संबंध तोडतं. तेव्हा टर्मिनलवर जवळजवळ शून्य दिसतं, पण आतले सेल शाबूत असतात. अशी बॅटरी जागी करण्याची सोय असलेला लिथियम चार्जर किंवा उत्पादकाने सांगितलेली रीसेटची पद्धत वापरायची. आपल्या बॅटरीत हे सर्किट आहे का, आणि ते नेमकं काय काय सांभाळतं, हे विकत घेतानाच विचारलेलं बरं. काहींत फक्त सेल समपातळीवर ठेवण्याची सोय असते, तोडण्याची नसते.

चार्जिंग ० अंश सेल्सिअसच्या खाली करू नये. गारठ्यात लिथियमला ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ लागतो आणि ते पृष्ठभागावरच धातूच्या रूपात चढतं. ते नुकसान भरून निघत नाही. वापरायला मात्र हरकत नाही. थंडीत सेल्फ मरगळलेला वाटला, तर मिनिटभर हेडलाइट लावून ठेवावा. विजेच्या प्रवाहाने सेल आतून ऊबदार होतात आणि दुसऱ्या खेपेला इंजिन जोमाने फिरतं.

जुन्या गाडीत लिथियम टाकण्याआधी एक तपासणी टाळू नये. इंजिन चालू करून त्याचे फेरे मिनिटाला साधारण ५००० वर न्यायचे आणि मल्टिमीटर थेट टर्मिनलांवर धरायचा. १४ ते १४.६ दिसले तर ठीक. १५ च्या पुढे काटा जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, बिघडलाय, आधी तो बदला. जास्तीचा चार्ज मिळाला तर शिशाची बॅटरी पाणी उडवून काही काळ निभावून नेते. लिथियमला ती पळवाट नाही.

चार्जिंग करताना बॅटरी हाताला चांगलीच गरम लागली किंवा कडा फुगलेल्या दिसल्या, तर चार्जर भिंतीकडून बंद करून बॅटरी मोकळ्या जागी ठेवावी आणि पुन्हा लावू नये. आग लागलीच तर लांबून भरपूर पाणी मारणं योग्य, कारण सेल थंड करणं हाच मुख्य उपाय. धुरात विषारी हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, तेव्हा जवळ जाऊ नये. बाद बॅटरी टर्मिनलांवर चिकटपट्टी लावून पुनर्वापर केंद्राकडे द्यायची, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही.