सरकारी ऑफिसांच्या भाड्याच्या गाड्या (कोकण)

सरकारी ऑफिस, जिल्हा परिषद, नगरपरिषद किंवा महामंडळ स्वतः गाडी विकत न घेता ठेकेदाराकडून ठरलेल्या मुदतीसाठी भाड्याने घेतं आणि तिचं डिझेल, फेऱ्या, दुरुस्ती, बिलं यांचा हिशेब ठेवतं, त्या सगळ्या व्यवस्थेबद्दलची ही नोंद. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आता हे सर्रास चालतं.

प्रकार मुख्य दोन. एकात नुसती गाडी मिळते, ड्रायव्हर आपला. दुसऱ्यात ड्रायव्हर, मेंटेनन्स, इन्शुरन्स सगळं ठेकेदाराचं, ऑफिस फक्त भाडं देतं. एसटीच्या भाड्याच्या शिवशाही या दुसऱ्या प्रकारातल्या. २०१७ साली शिवशाही सुरू झाली ती मुंबई-रत्नागिरी मार्गावरच, त्यातल्या काही बस एसटीच्या स्वतःच्या आणि काही खाजगी मालकांच्या, ज्यांना किलोमीटरप्रमाणे पैसे मिळायचे.

भाड्याकडे कल वाढायला मोठं कारण म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द झाली. जुन्या जीप कंपाउंडमध्ये उभ्या राहिल्या, त्यांचं निर्लेखन (सरकारी नोंदीतून काढून भंगारात देणं) होईपर्यंत पत्रा सडतो, नवीन गाडी घ्यायची तर मंजुरी आणि किमतीची मर्यादा, त्यात ड्रायव्हरची पदं रिकामी, मग ऑफिस करणार काय? २०१६ ला सुरू झालेल्या जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीची वेबसाइट) मंथली भाड्याच्या गाडीचं टेंडर काढणं सोपं पडतं.

पण कोकणात खरी अडचण करारातल्या किलोमीटरची आहे. महिन्याला ठराविक किलोमीटर धरून भाडं ठरतं, त्यापुढे जादा दर. सपाट भागात हे ठीक आहे, इथे मात्र दापोलीहून गुहागरला जायचं तर दाभोळ-धोपावे फेरीबोट धरली की अंतर एकदम कमी आणि बोट बंद असली की चिपळूणवरून मोठा वळसा, म्हणजे त्याच कामाचे किलोमीटर दोन वेळा वेगळे पडतात. बोटीचं तिकीट कोणी भरायचं हे करारात लिहिलेलं नसलं तर ते ड्रायव्हरच्या खिशातून जातं, हे चुकीचं आहे. कुंभार्ली, करूळ, आंबोली असे घाट रोज चढणाऱ्या गाडीचे क्लच आणि ब्रेक लवकर जातात, ॲव्हरेज पडतं, त्यामुळे डिझेलचा हिशेब देशावरच्या आकड्याने करून ड्रायव्हरवर संशय घेणं अन्यायाचं. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने चेसिसला गंज धरतो, अंडरबॉडी कोटिंग पावसाआधी झालंच पाहिजे. आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या एसटी आगारात शिरून बस बुडाल्या, तेव्हापासून पावसाळ्यात गाडी रात्री कुठे उभी करायची हासुद्धा व्यवस्थापनाचाच भाग मानायला हवा.

ड्रायव्हरसकट भाड्याने लावलेल्या गाडीला पिवळी नंबरप्लेट आणि टॅक्सीचं परमिट लागतं (इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळे आकडे). ओळखीतल्याची पांढऱ्या प्लेटची (खाजगी नोंदणीची) गाडी लावणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. सरकारच्या स्वतःच्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये थर्ड पार्टी विम्यातून सूट आहे, ठेकेदाराच्या गाडीला नाही, ही गोष्ट बिल पास करणाऱ्याने बघायलाच हवी.

निवडणूक आली की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० खाली गाड्यांचं अधिग्रहण होतं (सरकार त्या कामासाठी ताब्यात घेतं), मग आरोग्य केंद्राची लावलेली गाडीसुद्धा मतदान पथकाकडे जाऊ शकते, म्हणून बदली गाडीची अट आधीच घालून ठेवावी. बंद पडली तर किती तासांत दुसरी येणार, घाटात अडकली तर टोइंग कोणाचं, हेही तिथेच लिहावं, कारण लसीकरणाची टीम वाडीवर पोचायची थांबते ती याच कारणाने.

मालक बहुतेक वेळा लांजा, कुडाळकडचा एक-दोन गाड्यांचा माणूस, कर्ज काढून बोलेरो घेतलेला. बिल निधीअभावी रखडलं तरी त्याचा बँकेचा हप्ता थांबत नाही. ड्रायव्हरचा पगार मागे पडतो, सर्व्हिसिंग पुढे ढकललं जातं आणि त्याच गाडीतून साहेब घाट उतरतात. दर कमी पाडून टेंडर देण्यापेक्षा वेळेवर बिल काढणं ऑफिसच्या जास्त फायद्याचं.

लॉगबुक (गाडीच्या फेऱ्यांची नोंदवही) रोज भरून, गाडी वापरणाऱ्याची सही घेऊन ठेवावं. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदणी झालेल्या प्रवासी टॅक्सींना ट्रॅकिंग डिव्हाइस बंधनकारक आहे, त्याचे किलोमीटर लॉगबुकशी ताडून बघता येतात. करार संपल्यावर गाडी मालकाकडे परत जाते, पण हा सगळा डेटा ऑफिसने आपल्याकडे ठेवावा, पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याचे किलोमीटर वेगवेगळे काढून पुढच्या टेंडरची मर्यादा त्यावरूनच ठरवता येते.