नादारीचा अर्ज: घर, बाग, होडी आणि करारांचं काय होतं?

मोहोर करपला, वाशीच्या दलालाची उचल अंगावर राहिली, खतवाल्याची उधारी थकली, की कोणीतरी सांगतंच: नादारीचा अर्ज टाक, सगळं माफ होतं. तसं होत नाही. नादारी म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं कोर्टाने ठरवणं. आधी मालमत्ता हातातून जाते, सुटका, म्हणजे देण्यांतून मुक्तता, बरीच पुढे.

कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर २०१६ ची दिवाळखोरी संहिता आणि एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण). बाकी कोकणवासीयांना अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. अर्ज राहत्या किंवा धंद्याच्या जागेच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे रत्नागिरी, ओरोस, अलिबाग वगैरे. देणी फेडता येत नसावीत आणि ती किमान ५०० रुपये असावीत, किंवा पैसे देण्याच्या हुकूमनाम्यापायी (दाव्यातल्या कोर्टाच्या निकालापायी) अटक वा जप्ती झालेली असावी.

अर्जात प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव, पत्ता, रक्कम. प्रत्येक मालमत्तेची किंमत आणि ठिकाण. आधी असा अर्ज केला होता का, तेही. सोबत सातबारा, आठ-अ, कर्जखात्यांचे उतारे, बँकेच्या आणि कोर्टाच्या नोटिसा, हिशेबाच्या वह्या. दलालाची उचल नुसत्या वहीत असली तरी लिहा.

नादार ठरवल्याचा हुकूम झाला की मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे) जाते, आणि परिणाम अर्जाच्या तारखेपासून धरतात. सातबाऱ्यावर चुलत्यांची पाच-सात नावं असतील तर फक्त तुमचा हिस्सा जातो. सुटका होण्याआधी वारसाने काही मिळालं तर तेही जातं. जप्तीतून सूट असलेलं मात्र राहतं: अंगावरचे कपडे, भांडी, अंथरूण, मंगळसूत्रासारखा दागिना, शेतीची अवजारं, शेतकरी स्वतः राहत असलेलं घर. हिशेबाच्या वह्यांना ही सूट नाही.

तारणावरचा बोजा तसाच राहतो. होडी बँकेकडे तारण असेल तर बँकेचा हक्क अबाधित. बिनतारणी धनकोला मात्र कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर दावा लावता येत नाही.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे 'आधी बाग भावाच्या नावावर कर'. अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन पैसे चुकते केले असतील तर तेही.

करारांत भागीदारी पहिली कोसळते: ट्रॉलरच्या धंद्यात भागीदार असाल तर हुकुमाच्या तारखेपासून भागीदार राहत नाही, आणि भागीदारीपत्रात वेगळं ठरलेलं नसेल तर फर्मच विसर्जित होते. तुम्ही कोणाला एजंट नेमलं असेल तर ते अधिकार संपतात. भाडेकरू असाल तर भाडेपत्र वाचा. नादारीवर जागा परत घेण्याची अट असल्यास मालक ती वापरू शकतो. कर्जाला जामीन राहिलेला मेहुणा मात्र सुटत नाही, तुमची मुक्तता झाली तरी.

मुक्ततेआधी, नादार असल्याचं न सांगता ५० रुपये किंवा जास्त उधार घेतलं तर गुन्हा. आकडा १९२० चाच, ज्यात आज बांगड्याचा वाटाही येत नाही!

मुक्ततेचा अर्ज वेगळा असतो, आणि त्याची मुदत कोर्ट हुकुमातच देतं. ती चुकली तर हुकूम रद्द होऊ शकतो. मुक्ततेनंतरही सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि पोटगी माफ होत नाही.